मराठी इंद्रजालमधला वेताळ : जुने अंक कसे शोधावेत, पारखावेत आणि सांभाळावेत

माझ्या संग्रहातल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या चित्रकथा-मालिकेच्या एका मराठी अंकाच्या मधल्या पानावर, जिथे दोन पिना बसतात तिथे, गंजाचे दोन तांबूस डाग आहेत. पिना केव्हाच झिजून गेल्या आहेत, आणि कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके घालून पाने पुन्हा एकत्र शिवली आहेत. टाके सारख्या अंतरावर आहेत आणि गाठ आतल्या बाजूला, पान उलटताना बोटाला लागणार नाही अशा बेताने मारलेली आहे. हा अंक पंचवटीतल्या एका वाड्याची आवराआवर चालू असताना रद्दीत निघाला. ज्या घरात एका चित्रकथेसाठी सुईदोरा काढला गेला, त्या घराने ती किती मनापासून वाचली असेल हे वेगळे सांगायला नको. असे अंक अजूनही नाशिकच्या माळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांत आणि रद्दीच्या दुकानांत पडलेले आहेत, आणि ते ओळखून नीट ठेवणारे हात कमी पडत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

संग्रह सुरू करण्याआधी आपण काय जमवतो आहोत हे माहीत असणे आवश्यक आहे, नाहीतर गठ्ठे वाढतात आणि संग्रह होत नाही. इंद्रजालमधला वेताळ म्हणजे मूळ इंग्रजी चित्रमालिकेतला ‘फँटम’, आणि त्याचा जनक ली फॉक हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. १९३४ साली त्याने जादूगार मँड्रेकची दैनिक चित्रमालिका सुरू केली आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘द फँटम’ ही दुसरी. रविवारची रंगीत मालिका २८ मे १९३९ पासून आली. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घालणारा नायक त्याने सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी उभा केला. कथेची बैठक अशी की १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक तरुण आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो, आणि ती शपथ पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येते. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलाला वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे, आणि खरे काय ते फक्त पिग्मी टोळीला आणि तिचा म्होरक्या गुरन याला ठाऊक असते. कवटीच्या आकाराची गुंफा, हीरो नावाचा पांढरा घोडा, डेव्हिल नावाचा लांडगा, डायना पामर ही नायिका आणि दोन अंगठ्या एवढ्या सामग्रीवर फॉकने १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही मालिका लिहिली. उजव्या हातातल्या अंगठीने गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीचा कायमचा ठसा उमटतो आणि डाव्या हातातल्या अंगठीची खूण ज्याला मिळते त्याला संरक्षण मिळते. मला स्वतःला ही दुसरी अंगठी नेहमीच अधिक मोलाची वाटत आली आहे.

भारतात तो प्रथम १९४० च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवर दिसला, पण घराघरांत पोहोचला तो इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशित करणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, आणि पहिल्या अंकात वेताळाचीच कथा होती, जिचे इंग्रजी नाव ‘द फँटम्स बेल्ट’. पहिले ३२ अंक केवळ वेताळाचे होते. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर हे नायक आलटून पालटून येऊ लागले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा अस्सल भारतीय नायक त्यांच्या रांगेत येऊन बसला. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असा प्रवास करत १९९० मध्ये ही मालिका बंद पडली, तोवर ८०० हून थोडे जास्त अंक निघाले होते.

आता मराठीविषयी, कारण माझा सारा आग्रह तिथेच आहे. इंद्रजाल अनेक भारतीय भाषांत निघत असे आणि आज संग्राहकांचे बहुतेक लक्ष इंग्रजी अंकांकडे असते. मराठी अंक मात्र वाचून वाचून फाटले, एका घरातून दुसऱ्या घरात गेले, आणि शेवटी किलोच्या भावाने गेले. माझ्या अनुभवात एकाच क्रमांकाचा इंग्रजी अंक तीनदा समोर येतो तेव्हा मराठी अंक एकदा येतो. शिवाय मराठी अंकात असे काहीतरी आहे जे मूळ इंग्रजीत नाही. ‘फँटम’ हा शब्द जसाच्या तसा देवनागरीत ठेवता आला असता, पण तसे न करता त्याला वेताळ म्हटले गेले. वेशीबाहेर शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात बसलेला, भुतांचा राजा असूनही गावाची राखण करणारा वेताळ मराठी मुलाला आजीच्या तोंडून आधीच ठाऊक होता. मरण न येणारा, रात्री फिरणारा, दुष्टांना धडकी भरवणारा आणि दुबळ्यांना अभय देणारा हा परदेशी नायक त्या एका नावामुळे आपल्या गावकुसाचा झाला. मूळ कथेतली काही नावेही भारतीय आवृत्तीत बदलली गेली. बंगालशी मिळत्याजुळत्या नावाच्या देशाचे डेंकाली झाले, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, आणि मारेकरी रामाचा रामालू झाला. आपल्या देवाचे आणि आपल्या शेजाऱ्याचे नाव खलनायकाला असणे इथल्या वाचकाला रुचले नसते, हे उघड आहे. हे बदल पाहायचे आणि जपायचे असतील तर भारतीय अंकच हातात असावे लागतात.

त्यामुळे नव्या संग्राहकाला माझा पहिला सल्ला असा की सर्व काही जमवण्याच्या मागे न लागता ‘मराठी इंद्रजाल, फक्त वेताळ’ एवढीच मर्यादा आधी आखून घ्यावी. मर्यादा आखली की पैसा, जागा आणि वेळ तिन्ही आवाक्यात राहतात.

दुसरे काम वहीचे. पहिला अंक घरी येण्याआधी एक जाड पुठ्ठ्याची वही आणावी आणि प्रत्येक अंकासाठी एक ओळ ठेवावी, ज्यात क्रमांक, महिना व वर्ष, छापील किंमत, कथेचे नाव, चित्रकार, अंकाची अवस्था आणि तो कुठून मिळाला याची नोंद होईल. क्रमांकांबाबत एक गोष्ट माहीत नसल्यास गोंधळ ठरलेला आहे. १९६४ पासून अंकांना सलग क्रमांक होते, ते ४४३ पर्यंत गेले. त्यानंतर १९८३ पासून सलग क्रमांक थांबले आणि वर्ष २०, अंक १ अशी पद्धत सुरू झाली. म्हणजे १९६४ हे पहिले वर्ष धरून मोजणी केलेली आहे. त्यामुळे ‘अंक ५’ एवढेच सांगून कुणी अंक विकत असेल तर वर्ष विचारल्याशिवाय पुढे बोलू नये. साठच्या दशकातला पाचवा अंक आणि ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या वर्षाचा पाचवा अंक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चित्रकार ओळखायला शिकणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे, आणि तो फुकट मिळतो. मालिका सुरू झाली तेव्हा चित्रे रे मूर काढत असे. त्याच्या चित्रांत सावल्या गडद आणि वातावरण गूढ असते. त्याच्यानंतर आलेल्या विल्सन मॅकॉयची रेषा साधी, जाडसर आणि थेट आहे, चेहरे मोजक्या रेघांत उरकलेले असतात आणि पार्श्वभूमी बऱ्याचदा मोकळी असते. १९६१ मध्ये मॅकॉयचे निधन झाल्यावर काही काळ बिल लिग्नांटेने काम पाहिले आणि मग साय बॅरी आला. बॅरीचा वेताळ पिळदार, झाडेझुडपे पानन्‌पान रेखलेली आणि चेहऱ्यावरच्या छटा बारकाईने भरलेल्या असतात. इंद्रजालमध्ये मुख्यतः मॅकॉय आणि बॅरी भेटतात. दोघांचा एकेक अंक शेजारी ठेवून वेताळाचा हात, घोड्याची मान आणि गुंफेचे तोंड एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तर अर्ध्या तासात फरक डोळ्यांत बसतो. बॅरीची चित्रे अधिक देखणी आहेत हे मान्य करूनही रात्रीच्या जंगलाची भीती मॅकॉयच्या साध्या काळ्या चौकटीत मला जास्त जाणवते. मुखपृष्ठांचा विचार स्वतंत्रपणे करावा, कारण अनेक मुखपृष्ठे बी. गोविंद या भारतीय चित्रकाराने रंगवलेली आहेत आणि केवळ त्यांच्यासाठी अंक जमवणारेही आहेत. आतल्या पानांत मूळ वृत्तपत्रीय चौकटी पानात बसवण्यासाठी कापलेल्या किंवा गाळलेल्या आढळतात. तो आपल्या प्रतीचा दोष समजू नये.

नाशिकमध्ये शोध कुठे घ्यावा? गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार हे पहिले ठिकाण. भाजी आणि भांड्यांच्या पलीकडे जुन्या वस्तू मांडून बसणारे असतात, आणि त्यांच्याकडे जुनी नाणी, कुलपे, दिवे यांच्या खाली कधीकधी कागदही दबलेला असतो. सकाळी लवकर जावे. रद्दीच्या दुकानांसाठी दोन हंगाम आहेत, एक दसरा-दिवाळीच्या साफसफाईचा आणि दुसरा परीक्षा संपल्यानंतरचा मे महिन्याचा. दुकानदाराला ‘कॉमिक्स आहेत का’ असे विचारण्यापेक्षा वेताळ, मँड्रेक, बहादूर ही नावे सांगावीत आणि एक जुना अंक सोबत नेऊन दाखवावा. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू त्याच्या लक्षात राहते. मेन रोडच्या बाजूच्या एका रद्दीवाल्या काकांनी पहिल्या भेटीत मला सांगितले होते, “दादा, पोरांची पुस्तकं ती, आम्ही सरळ गिरणीच्या गोणीत भरतो.” मी त्यांना अंक दाखवला आणि किलोच्या भावाऐवजी नगाच्या भावाने पैसे देईन असे सांगितले. दोन वर्षे काही निघाले नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांनी सतरा अंक बाजूला काढून ठेवले होते. त्यांना योग्य किंमत द्यावी, अज्ञानाचा फायदा घेऊ नये. ते न्यायाचे आहे, आणि पुढचा गठ्ठाही आपल्यासाठीच राखला जातो.

मात्र सर्वांत चांगले अंक दुकानात येण्याआधीच घरात असतात. जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरत आहेत, आणि वाडा उतरण्याआधी माळा रिकामा होतो. नात्यातल्या, ओळखीतल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालून ठेवावे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारे हे शहर आहे, त्यामुळे वाचलेले जपून ठेवण्याची आणि वर्षाचे अंक एकत्र बांधून घेण्याची सवय इथल्या अनेक घरांत होती. असे बांधीव खंड मिळाले तर ते सोडू नयेत. बांधताना कडा कापल्या गेलेल्या असतात आणि मुखपृष्ठे काढून टाकलेली असू शकतात, म्हणून बाजारात त्यांना कमी किंमत येते, पण आतली पाने सुट्या अंकांपेक्षा कितीतरी ताजी राहिलेली असतात. खंड उसवून अंक सुटे करण्याचा मोह टाळावा. डिंकाने धरलेली पाठ उसवताना मधल्या पानांचा कागद हमखास फाटतो.

अंक हातात आला की तो विकत घेण्याआधी मधले पान उघडावे. हे अंक मध्ये दुमडून पिना मारलेले असतात, त्यामुळे मधल्या पानाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला कागदांची संख्या सारखी हवी. डावीकडे एक कागद कमी भरला तर पान गेले आहे, आणि त्याचा जोडीदार उजवीकडे सुटा पडलेला असणार. ही एक तपासणी केली तर निम्मी फसवणूक टळते. मग कथेचे शेवटचे पान आहे ना ते पाहावे. कोडी सोडवलेली आहेत का, कूपन कापलेले आहे का, आणि कापले असेल तर त्याच्या पाठीमागची चौकट गेली का, हे पाहावे. मुलाच्या अक्षरात लिहिलेले नाव आणि इयत्ता मी दोष मानत नाही, ते खोडण्याचा प्रयत्न मात्र दोष आहे.

जुन्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या नव्या छापील प्रती अलीकडे दिसू लागल्या आहेत, तेव्हा खिशात एक भिंग ठेवावे. जुन्या छपाईत रंग ठरावीक ओळींत बसलेल्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो आणि कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असतो. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत शाईचे शिंतोडे विस्कळीत दिसतात, तर लेझर प्रतीत शाई कागदावर चकचकीत थरासारखी बसते. दुसरी कसोटी दुकानात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची आहे. आजच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारी रसायने असतात आणि त्या दिव्याखाली तो निळसर उजळतो. जुना वृत्तपत्री कागद मंद आणि तपकिरीच राहतो. नोटांचा छापखाना ज्या शहराच्या नाशिकरोडला आहे तिथे असा दिवा मिळायला अडचण नाही. एकाच कसोटीवर विसंबू नये. कागद, ठिपके, पिनांचा गंज आणि वास हे चारही जुळले म्हणजेच खात्री धरावी.

सांभाळणे हा यातला सर्वांत कठीण भाग आहे. हे अंक स्वस्तात मिळावेत म्हणून लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर छापले गेले. त्या लगद्यात राहिलेले लिग्निन हे लाकडातले द्रव्य प्रकाश आणि हवा यांच्या संपर्कात पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि पान ठिसूळ होते. ही प्रक्रिया थांबवता येत नाही, पण ऊन, उष्णता आणि ओल यांपासून दूर ठेवून बरीच मंदावता येते. त्यासाठी प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा मायलरच्या पारदर्शक पिशवीत ठेवावा आणि पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घालावा. स्टेशनरीच्या दुकानातल्या वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या घेऊ नयेत, त्या काही वर्षांत चिकट होऊन मुखपृष्ठाचा रंग ओढतात. पिशवीचे तोंड पूर्ण बंद करू नये. लॅमिनेशन तर कधीही करू नये. एका बाइंडरने, माझे भले करावे म्हणून, दुरुस्तीला दिलेल्या अंकाचे मुखपृष्ठ न विचारता लॅमिनेट करून दिले. ते आज कडक आहे, चकचकीत आहे, आणि आतून तपकिरी होत चालले आहे. ते काढता येत नाही. चिकटपट्टीही तितकीच वाईट, कारण पट्टी सुकून गळून पडते आणि तिचा डिंक कागदात कायमचा मुरतो. फाटलेले पान जोडायचे असेल तर तलम जपानी कागदाची बारीक पट्टी आणि गव्हाच्या पिठाची ताजी, पातळ खळ वापरावी. काम संपल्यावर पान दोन टिपकागदांमध्ये ठेवून वजनाखाली वाळवावे. गंजलेल्या पिना बोथट सुरीने आतून सरळ करून अलगद काढाव्यात, ओढू नयेत, आणि त्याच जुन्या भोकांतून सुती दोरा घालावा. पंचवटीच्या त्या घराने हे कुणी न शिकवता केले होते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. नाशिकच्या पावसाळ्यात जुन्या भिंती ओल धरतात, आणि कपाट व भिंत यांत चार बोटांचे अंतर ठेवले तरी बुरशी पुष्कळ टळते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवाव्यात. कसर आणि वाळवी यांच्यासाठी कडुलिंबाचा पाला घरोघरी वापरतात, तो चालेल, पण कापडाच्या पिशवीत बांधून, कागदाला स्पर्श होणार नाही असा. कसर लागलेला अंक नव्याने आला असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावा आणि उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवस ठेवावा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर कागदावर दव जमते.

गोदाकाठी राहणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. २००८, २०१६ आणि २०१९ साली पाणी कुठवर आले हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ज्यांनी मोजले आहे, त्यांनी संग्रह तळमजल्यावर ठेवू नये. पूर नसला तरी गळके छत पुरते. अंक भिजलाच तर ओली पाने सोलून वेगळी करण्याची घाई करू नये आणि उन्हात टाकू नये. अंक आडवा ठेवावा, दर काही पानांनंतर कोरा टिपकागद घालावा, कागद ओला झाला की बदलावा, आणि पंख्याची हवा थेट न लावता खोलीत खेळती ठेवावी. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, म्हणून अंक जास्त असतील आणि हात कमी, तर आजचे आज जमतील तेवढे वाळवून उरलेले मेणकागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावेत. ते नंतर एकेक काढून सावकाश वाळवता येतात.

किमतीबद्दल थोडक्यात. या अंकांचा ठरलेला दर कुठेही नाही. क्रमांक जितका जुना, मुखपृष्ठ जितके शाबूत आणि पाने जितकी पूर्ण, तितकी किंमत अधिक, एवढेच खात्रीने म्हणता येते. मधले पान नसलेला अंकही मी घेतो, कारण पुढे दुसरी फाटकी प्रत मिळाली तर दोन्ही मिळून कथा पूर्ण वाचता येते. मात्र दोन प्रती एकत्र शिवून ‘पूर्ण अंक’ म्हणून विकू नये. दुबार प्रती इतर संग्राहकांशी अदलाबदलीसाठी ठेवाव्यात आणि त्यांतली एक घरातल्या मुलांच्या हातात द्यावी. हात धुऊन, जेवणाच्या ताटापासून दूर, अंक पूर्ण सपाट न उघडता वाचायला त्यांना शिकवावे.

पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये सगळे अंक एकदा बाहेर काढावेत. सावलीत, चटईवर स्वच्छ चादर अंथरून, पिशव्यांतून काढून त्यांना तासभर हवा द्यावी, प्रत्येकाचे मधले पान उघडून पिनांपाशी नवा तांबूस डाग दिसतो का ते पाहावे आणि वहीत त्या अंकापुढे तारीख घालावी. माझ्या वहीत पहिल्या ३२ क्रमांकांपैकी अकरा ओळी अजून कोऱ्या आहेत. दिवाळी जवळ आली आहे आणि बुधवारी सकाळी मला गंगेवर जायचे आहे.